किल्ला पाहावा कुरणातून

किल्ला म्हटला की मराठी माणूस आधी वर पाहतो. कडा किती उंच, वाट कुठून, चढ किती दमवणारा, माथ्यावर पाण्याची टाकी किती, हे आपले प्रश्न, आणि सह्याद्रीत ते रास्तच आहेत. हेच प्रश्न घेऊन नेदरलँड्समधल्या लूव्हेस्टाइन किल्ल्यापाशी गेले तर मात्र काहीच हाती लागत नाही. तिथे चढायला जागाच नाही. विटांचा एक भक्कम मध्ययुगीन वाडा, त्याभोवती खंदक, मातीचे बुटके तट, आणि त्यापलीकडे नजर जाईल तिथवर नदीकाठचे गवत. येणारे बहुतेक लोक वाडा पाहतात, कैद्यांच्या खोल्या पाहतात आणि परत फिरतात. वाटेतले कुरण त्यांच्या लेखी नुसती मोकळी जागा असते. माझे म्हणणे असे की या किल्ल्याचा मुख्य तट म्हणजे ते कुरणच आहे. वाडा त्या तटाचा दरवाजा म्हणावा एवढाच. आणि असा तट समजून घ्यायचा तर सपाटीवरून सावकाश चालत जाणे हीच त्याची खरी रीत आहे.

आधी जागा नीट पाहू. जर्मनीतून येणारी ऱ्हाइन नदी नेदरलँड्समध्ये शिरताच फाटते आणि तिचे सुमारे दोन तृतीयांश पाणी वाल या फाट्यातून पश्चिमेकडे जाते. फ्रान्स-बेल्जियमकडून येणारी मास नदी पूर्वी लूव्हेस्टाइनपाशी वालला मिळत असे. पुढच्या प्रवाहाला मेर्वेदे म्हणतात. या संगमाच्या टोकावर दिर्क लूफ फान होर्न या सरदाराने चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाडा बांधला. ये-जा करणाऱ्या नावांवर इथून लक्ष ठेवता येत असे. समोर एका काठावर वाउद्रिखेम, दुसऱ्या काठावर गोरिंखेम ही तटबंदीची गावे आहेत. तिन्ही मिळून संगमाशी एक त्रिकोण होतो. आज या संगमाची एक बाजू शांत आहे, कारण १९०४ साली मासचे पाणी नव्या कालव्यासारख्या पात्रातून वळवले गेले आणि जुना फाटा बांध घालून अडवला. दुसऱ्या बाजूला वालवरून मालवाहू बोटींची रांग दिवसरात्र चालू असते. काठापासून पात्रात दगडी धक्के काढलेले आहेत. दोन धक्क्यांच्या मधल्या खोबणीत पांढरी रेती साचते, तीत शिंपले असतात, आणि बोट गेली की पाणी आधी मागे ओढले जाते व मग लाटेने परत येते. या रेतीला लागूनच कुरण सुरू होते.

आता तटाची गोष्ट. १६७२ साली फ्रान्सच्या चौदाव्या लुईचे सैन्य उट्रेख्तपर्यंत आले तेव्हा हॉलंड प्रांताने बांध फोडून आणि पाण्याचे दरवाजे उघडून आपल्याच शेतांत पाणी सोडले. फ्रेंच तिथेच अडकले. त्या जलरेषेत लूव्हेस्टाइन होता. पुढे १८१५पासून हीच कल्पना पक्क्या बांधकामात उतरली. माउडेनपासून बीसबॉसच्या दलदलीपर्यंत सुमारे ८५ किलोमीटर लांबीची नवी डच जलरेषा उभी राहिली, तीन ते पाच किलोमीटर रुंद पट्टा पाण्याखाली घालता येईल अशी. मौज पाण्याच्या खोलीत आहे. हे पाणी खोल नसे, गुडघ्याएवढेच ठेवत. बोट घालावी तर तळाला लागते, आणि चालत जावे तर या सखल शेतांतून दर काही पावलांवर पाण्याचा निचरा करणारे चर खणलेले असतात. कोरड्या दिवशी चर डोळ्यांना दिसतात. वर पाण्याचा एकसारखा पत्रा पसरला की ते दिसेनासे होतात, आणि गुडघाभर पाण्यातून चालणारा शिपाई बंदुकीसकट एकदम गळ्यापर्यंत खाली जातो. तोफगाडा तर रुततोच. शेतकऱ्याने शेतीसाठी खणलेला चर, आणि तोच शत्रूसाठी खड्डा. कुरणातून चालताना असा चर ओलांडायला फळी टाकलेली दिसते. तिथे थांबून चर किती रुंद, कड किती निसरडी, गवतात तो दहा पावलांवरूनही कसा लपतो, एवढे पाहिले तरी या किल्ल्याची निम्मी युद्धविद्या कळते. बुरुजावरून ती दिसत नाही, कारण उंचावरून सगळेच हिरवे आणि सपाट भासते.

मग या पाण्याच्या तटाला किल्ले कशाला हवे होते? कारण सगळेच पाण्याखाली जात नाही. उंच बांध, रस्ते आणि खुद्द मोठ्या नद्या या पट्ट्यातून आरपार जातात, आणि शत्रू नेमका तिथूनच येणार. किल्ले या फटी बुजवण्यासाठी होते. लूव्हेस्टाइनपाशी दोन नद्यांची फट होती. म्हणूनच कुरण हा तट आणि वाडा हा दरवाजा.

हे कुरण इतके मोकळे का राहिले, यालाही लेखी पुरावा आहे. १८५३ साली नेदरलँड्सने किल्ल्यांभोवतीच्या वर्तुळांचा कायदा केला. तोफेच्या माऱ्यात आडोसा येऊ नये म्हणून ३००, ६०० आणि १००० मीटरची तीन वर्तुळे आखली. सर्वांत आतल्या वर्तुळात घर बांधायचे तर लाकडी, म्हणजे वेळ आली की जाळून टाकता येईल असे. बाहेरच्या वर्तुळांत अटी सैल होत जात. हा कायदा १९६३पर्यंत, म्हणजे ११० वर्षे, टिकला. जलरेषेवरच्या कितीतरी किल्ल्यांभोवती आजही विटांच्या घरांच्या देशात अवचित एखादे लाकडी घर दिसते, ते या कायद्यामुळे. तेव्हा इथला मोकळेपणा आपोआप उरलेला नाही. त्याची मापे घेतली होती आणि तो मोडणाऱ्याला सरकार अडवत होते.

यावर पहिला आक्षेप साहजिक आहे: हा तट खरोखर उपयोगी होता का? पाणी गोठले की तट संपला. १६७२च्या डिसेंबरात फ्रेंच सैन्य बर्फावरून आत घुसले आणि बोडेग्राव्हन व झ्वामेरडाम या गावांत त्यांनी मोठी कत्तल केली. बर्फ वितळू लागले म्हणून ते मागे फिरले. १७९४-९५च्या कडाक्याच्या हिवाळ्यात मात्र फ्रेंचांनी गोठलेल्या नद्या ओलांडून देश घेतलाच. १९४० साली जर्मनांनी विमानांतून छत्रीधारी सैनिक उतरवले, रॉटरडॅमवर बॉम्ब टाकले आणि पाच दिवसांत डच सैन्याला शरण आणले. तेव्हा पाण्याचा काही इलाज नव्हता. हे सगळे खरे आहे आणि ते लपवायचे कारण नाही. पण कोणता तट असा आहे जो कधीच पडला नाही? तट उपयोगी होता की नाही हे तो शेवटी पडला यावरून ठरत नसते. त्याने किती काळ शत्रूला दूर ठेवले आणि किती खर्चात, हे पाहावे लागते. १६७२ साली या पाण्यानेच ॲमस्टरडॅम वाचवले, याबद्दल वाद नाही. शिवाय बर्फाची ही गोष्टच दाखवते की या किल्ल्याचे बलाबल भिंतींवर नव्हे, कुरणावरच्या पाण्यावर ठरत होते.

लूव्हेस्टाइनचे नाव जगात झाले ते वेगळ्याच कारणाने. १६१९पासून तो सरकारी तुरुंग होता आणि ह्यूगो द ग्रोट, म्हणजे कायद्याच्या इतिहासातला ग्रोशियस, तिथे जन्मठेप भोगत होता. पोर्तुगीजांना पूर्वेच्या समुद्रावर मक्तेदारी सांगता येणार नाही, असा युक्तिवाद त्याने १६०९च्या आपल्या पुस्तकात केला होता. त्या मक्तेदारीची राजधानी गोवा होती, म्हणून आपल्यालाही तो परका नाही. २२ मार्च १६२१ रोजी पत्नी मारिया आणि दासी एल्स्ये यांच्या मदतीने तो पुस्तकांच्या पेटीत बसून निसटला. पेटी नावेतून गोरिंखेमला गेली आणि तिथून तो गवंड्याच्या वेषात पसार झाला. लोक पेटी पाहायला येतात, आणि एकाहून अधिक संग्रहालये अस्सल पेटी आपल्याकडे असल्याचे सांगतात. मला त्यात नदी महत्त्वाची वाटते. पाण्याने वेढलेल्या तुरुंगातून पळायला पाण्याचीच वाट होती.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. आज ज्या कुरणातून माणसे चालतात ते जुने नाहीच, ते तर परवा यंत्रांनी कोरलेले आहे! यातही तथ्य आहे. १९९५च्या जानेवारीअखेर ऱ्हाइन आणि मास इतक्या चढल्या की नदीपट्ट्यातल्या सुमारे अडीच लाख लोकांना घरे सोडावी लागली. बांध टिकले, पण किती दिवस उंची वाढवत राहणार हा प्रश्न उभा राहिला. त्यातून ‘नदीला जागा’ हा कार्यक्रम निघाला. तीसहून अधिक ठिकाणी, दोन अब्ज युरोंहून जास्त खर्चून, बांध मागे नेले आणि पूरपट्टे खोल केले. लूव्हेस्टाइनला लागून असलेल्या मुनिकेनलांड भागातही नवा बांध मागे घातला, पुढची जमीन नदीला परत दिली, पाणी वाहायला वाटा खोदल्या, आणि आता तिथे कोनिक जातीचे घोडे व गुरे वर्षभर मोकळी चरतात. झुडपे ती खातात, म्हणून पाण्याला अडथळा होत नाही. हे सारे माणसाने केले हे कबूल. पण या भूमीवर माणसाने न केलेले असे काय होते? चर, बांध, दरवाजे, तीन वर्तुळे, सगळे आखीवच होते. पूर्वी इथे शत्रूसाठी पाणी घेत, आता पुरासाठी घेतात. जमिनीचे काम बदललेले नाही.

शेतकऱ्याचे काय, हा प्रश्न मात्र केवळ युक्तिवादाने मिटत नाही. कसदार जमीन नदीला द्यायची तर कोणाचे तरी घर उठते. जवळच्याच ओव्हरडीप भागात शेतकऱ्यांनी स्वतः तोडगा सुचवला: उंच मातीचे चौथरे घालून त्यांवर घरे आणि गोठे न्यावेत, शेते पुरात जाऊ द्यावीत. असे आठ चौथरे उभे राहिले. ज्यांना तिथे जागा मिळाली नाही त्यांना उठावे लागले. कुरणातल्या सुखद चालण्याची ही किंमत कोणीतरी मोजली आहे, आणि तिथे फिरणाऱ्याला ती ठाऊक असावी.

राहिला गिर्यारोहकांचा आक्षेप: सपाट चालण्यात कसले आव्हान? आव्हान नाही, हे खरेच. इथे चढ म्हणजे बांधाचा, तेवढाच. वाउद्रिखेमहून उन्हाळी हंगामात फक्त पायी आणि सायकलने येणाऱ्यांसाठी फेरीबोट चालते. उतरल्यावर गवतातून, बांधावरून, रेतीतून हवे तितके चालावे. सत्तरीचे आजोबा आणि सहा वर्षांची नात एकाच वेगाने जाऊ शकतात, आणि माझ्या मते किल्ल्याच्या इतिहासाचा हक्क गुडघे धड असणाऱ्यांपुरता राहू नये. तरी सोपे म्हणजे बेफिकीर नव्हे. हिवाळ्यात, डिसेंबर ते मार्च, नदी चढली की वाटा पाण्याखाली जातात, तेव्हा आधी पातळीची चौकशी करावी. ओल्या मातीत गमबूटच लागतात. मोकळ्या जनावरांपासून निदान २५ मीटर दूर राहायचे, कळपाच्या मधून जायचे नाही, आणि घोडा कितीही गरीब दिसला तरी खाऊ घालायचा नाही.

युनेस्कोने ही जलरेषा २०२१ साली जागतिक वारशात घेतली ती ॲमस्टरडॅमच्या जुन्या संरक्षक वर्तुळाला जोडून, आणि तीत किल्ल्यांबरोबर पाण्याखाली घालायचा पट्टाही धरला. २०२५ साली मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची नोंद झाली, तीही लष्करी भूदृश्य म्हणून. म्हणजे नोंद तटबुरुजांपाशी थांबत नाही. हे आपल्याला नवे वाटण्याचे कारण नाही. आपल्या गडांना घेरा असे, त्यात मेटे आणि पहाऱ्याची गावे असत. घेरा सिंहगड, घेरा पुरंदर ही गावे आजही आहेत. हा घेरा राखायला आपल्याकडे एवढा पैसा कुठून, असे कोणी म्हणेल. पण मोकळी जागा मोकळी ठेवण्याचा नियम आपल्याकडे आहेच. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून येणाऱ्या पुराची लाल रेषा महाराष्ट्रातल्या नद्यांना आखतात, आणि त्या रेषा किती पाळल्या जातात हे २०१९ साली सांगली-कोल्हापूरने पाहिले. गडाच्या घेऱ्यातला माळ, पायथ्याचे गायरान, ओढ्याकाठची पाणथळ यांना तर अशी रेषाही नाही. कुठल्याही गडाचा विकास आराखडा करताना घेऱ्यातून फिरणारी सपाट पायवाट त्यात आधी आखली जावी, आणि रोपवे व वाहनतळाची जागा त्यानंतर ठरवावी.