पुसलेली फाइल जाते कुठे?

रीसायकल बिन रिकामा केला की फाइल दिसेनाशी होते, पण हार्ड डिस्कवर ती बहुधा तशीच असते. संगणक फक्त तिची नोंद काढतो आणि जागा मोकळी झाल्याचे मानतो. तिथे नवी माहिती लिहिली जाईपर्यंत फुकट मिळणारे रिकव्हरी सॉफ्टवेअरही ती परत आणू शकते. एमआयटीच्या सिमसन गारफिंकेल आणि अभि शेलाट यांनी जुन्या १५८ हार्ड डिस्क विकत घेऊन तपासल्या. त्यांच्या २००३ च्या लेखानुसार, चालू असलेल्या १२९ डिस्कपैकी नीट पुसलेल्या जेमतेम १२ निघाल्या. इतरांत क्रेडिट कार्डांचे हजारो क्रमांक सापडले.

हार्ड डिस्कवर उपाय सरळ आहे: जुन्या माहितीवर नवी, निरर्थक माहिती लिहायची. पीटर गुटमन यांनी १९९६ मध्ये सुचवलेल्या अशा लेखनाच्या ३५ फेऱ्यांचा दबदबा अजून आहे, तो उगाच. आजच्या डिस्कला साधारणपणे एक फेरी पुरते.

खरी अडचण चिपवर माहिती साठवणाऱ्या एसएसडीची. झीज समान व्हावी म्हणून ती प्रत्येक वेळी वेगळ्याच जागी लिहिते. त्यामुळे एकच फाइल पुसल्याची खात्री देता येत नाही. तिथे विंडोजच्या बिटलॉकर किंवा मॅकच्या फाइलव्हॉल्टने पहिल्या दिवसापासून एन्क्रिप्शन असावे. किल्ली नष्ट झाली की मजकूर निरुपयोगी ठरतो. पेनड्राइव्ह, ईमेल आणि क्लाउडवरील प्रती मात्र वेगळ्या शोधून काढाव्या लागतात. जुना लॅपटॉप विकण्यापूर्वी हार्ड डिस्कवर नवी माहिती लिहिणे किंवा एन्क्रिप्शनची किल्ली नष्ट करणे, एवढे नक्की करा.