कशिशला निघालात? रात्रीचं आधी ठरवा!

सावद्याहून मुंबईला जायला कारणं काय कमी असतात? परीक्षा, इंटरव्ह्यू, मावसभावाचा साखरपुडा, नाहीतर केळीचं पेमेंट अडकलंय. बसस्टँडवर कुणी विचारलंच, 'काय भो, कुठी चालला?' तर यातलं एखादं ठोकून देता येतं. पण मोबाइलमध्ये 'कशिश'चा पास असेल तर उत्तर जरा जड जातं.

'कशिश' म्हणजे मुंबईत २०१० पासून भरणारा एलजीबीटीक्यू चित्रपट महोत्सव. श्रीधर रंगायन त्याचे संचालक. साधारण मे-जूनमध्ये चार-पाच दिवस देशोदेशीचे सिनेमे दाखवले जातात, चर्चा होतात आणि गावोगावची मंडळी जमतात. दिवसाची काळजी नसते, कारण वेळापत्रक हातात असतं. शेवटचा शो संपला, लोक फुटपाथवर घोळक्याने उभे राहिले आणि कुणीतरी म्हणालं, 'चला, आता कुठे?' की आपली खरी परीक्षा सुरू होते. अशा पाहुण्यांसाठी इंग्रजीत ढिगाने गाइड लिहिलेल्या असतात. गच्चीवरचे बार, कॉकटेल्स, ब्रंच. वाचून वाटतं, लिहिणाऱ्याचं घर वांद्र्यात आहे आणि पगार डॉलरमध्ये येतो. भुसावळहून रात्रीची गाडी पकडून, साडेचारशे किलोमीटर प्रवास करून आलेल्याचं काय? त्याच्यासाठी ही गाइड.

आधी पोटोबा

पंजाब मेल किंवा तशीच एखादी रात्रीची गाडी सकाळी सीएसएमटीला सोडते. बाहेर आलात की पेरिन नरिमन स्ट्रीटवर 'पंचम पुरीवाला' आहे. पुरी-भाजी, गरमागरम, खिशाला परवडणारी. स्टेशनसमोर 'आराम'चा वडापाव आणि 'कॅनन'ची पावभाजी. इथे कुणी तुमच्याकडे वर मान करून पाहत नाही. तुमचे केस निळे असोत की नखांना रंग असो, पुढच्या माणसाला फक्त तुमची खुर्ची हवी असते. गावातल्या हॉटेलात शिरलं की चार टेबलांवरून 'अमक्याचा पोरगा ना तू?' येतं. ज्याने वर्षानुवर्षं हे ऐकलंय, त्याला मुंबईचं हे दुर्लक्ष म्हणजे मोठी चैन वाटते.

कशिशचा मुक्काम बरीच वर्षं मरीन लाइन्सच्या 'लिबर्टी' थिएटरात राहिला आहे. ठिकाण बदलूही शकतं, म्हणून पासवरचा पत्ता नीट वाचा. लिबर्टी म्हणजे जुन्या थाटाचं, एकपडदा थिएटर. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर धोबीतलावला 'कयानी' आहे, १९०४ पासूनचं इराणी हॉटेल. बन मस्का, इराणी चहा, मावा केक, खिमा पाव. दोन शोंच्या मध्ये तासभर मिळाला तर इथेच जा. आदल्या दिवशी ज्याचं नाव माहीत नव्हतं त्याच्याशी सिनेमावर भांडायला संगमरवरी टेबलासारखी जागा नाही. मात्र इराणी हॉटेलं रात्री लवकर आवरतात, त्यामुळे जेवणाचा भरवसा त्यांच्यावर ठेवू नका. त्यापेक्षा चर्चगेटला जाऊन 'के रुस्तम'चं वेफरमधलं आइसक्रीम घ्या, समोर मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसा. एवढ्या कमी खर्चात एवढं मोठं आभाळ दुसरीकडे मिळत नाही.

वर्सोव्यात २०२२ साली 'बम्बई नजरिया' नावाचं कॅफे सुरू झालं, तिथे काम करणारे बहुतेक लोक ट्रान्सजेंडर होते. सिग्नलवर टाळी ऐकून काच वर करणारं शहर तिथे ऑर्डर द्यायला रांगेत उभं राहिलं. मुंबईत कॅफे उघडायला आणि बंद व्हायला वेळ लागत नाही, म्हणून निघण्याआधी फोन करून खात्री करा.

पार्टी, पण कुठली?

आज 'प्राइड नाइट'चे बोर्ड झळकतात, पण हे सगळं फार जुनं नाही. १९९० साली अशोक राव कवींनी 'बॉम्बे दोस्त' हे मासिक काढलं. १९९४ मध्ये हमसफर ट्रस्ट उभा राहिला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात मुंबईत दक्षिण आशियातल्या समलिंगी पुरुषांची परिषद भरली. तेव्हा ३७७ कलम जिवंत होतं, त्यामुळे परिषदेला आलेल्या पाहुण्यांसाठी जाहीर नाइटलाइफची गाइड वगैरे कुणाच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं. गाठीभेटी कुणाच्या तरी घरी व्हायच्या, पडदे ओढून. पुढे कुलाब्यातल्या 'व्हूडू' पबची शनिवारची रात्र ठरलेली झाली. जागा कळकट, गाणी जुनी, तरी दूरदूरून लोक यायचे, कारण शनिवारी तिथे आपण एकटे नाही हे डोळ्यांनी दिसायचं. 'गे बॉम्बे' या गटाच्या पार्ट्या ठिकाणं बदलत फिरायच्या. आता व्हूडू राहिलेला नाही.

६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने ३७७ मधला प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना गुन्हा ठरवणारा भाग काढून टाकला. त्या लढ्यात याचिका करणाऱ्यांपैकी एक केशव सुरी, 'ललित' हॉटेलवाले. त्यांच्या अंधेरीतल्या हॉटेलातल्या 'किटी सू' क्लबमध्ये ड्रॅग शो जाहीरपणे होऊ लागले. पंचतारांकित हॉटेल आहे, तेव्हा दर पाहून छाती दडपेल. एकदा जाऊन ड्रॅग परफॉर्मन्स बघावाच, असं माझं मत. पण महोत्सवातले चारही दिवस क्लबच्या मागे लागू नका.

काही व्यवहाराच्या गोष्टी. कव्हर चार्ज म्हणजे फक्त प्रवेश की त्यात ड्रिंक्सची कुपनं आहेत, हे दारातच विचारा. इतर रात्री अनेक क्लब 'स्टॅग' म्हणून एकट्या मुलांना परत पाठवतात, क्विअर नाइटला तो त्रास नसतो. महाराष्ट्रात बिअरसाठी वय २१ आणि हार्ड लिकरसाठी २५ लागतं, हे कॉलेजवाल्यांना कुणी सांगत नाही. स्वस्तात बसायचं तर ताजमागचा 'गोकुळ' बार वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांचा अड्डा आहे आणि शेजारीच 'बडेमियाँ'चे सीख कबाब रात्री उशिरापर्यंत मिळतात. गोकुळ काही क्विअर बार नाही, तिथे हातात हात घालून बसाल तर नजरा वळतील. पण दहा जणांचा घोळका असला की नजरांचं ओझं वाटून घेता येतं.

दारू नको असेल तर? पुष्कळांना नको असते, आणि नाइटलाइफ म्हणजे बारच असं कुणी ठरवलं? 'गेसी' हा २००८ पासूनचा गट ओपन माइकसारखे कार्यक्रम करतो, हमसफरचा 'यारियाँ' हा तरुणांचा गट आहे. मुलींसाठी तर हे जास्तच कामाचं. पार्टीत मुलांची गर्दी असते, मुली कोपऱ्यात चार. १९९५ पासून 'स्त्री संगम' आणि पुढे 'लेबिया' या नावाने काम करणाऱ्या गटाने बायकांसाठी वेगळी जागा का मागितली, ते एका रात्रीत कळतं.

दीड ते चार

आता खरी गोम. क्लब साधारण दीडला बंद होतात. शेवटच्या लोकल त्याच्याही आधी, बारा ते एकच्या दरम्यान सुटून गेलेल्या असतात. पहिली लोकल पहाटे चारच्या पुढे. मधले अडीच तास कुठल्याच गाइडमध्ये नसतात, कारण लिहिणारा कॅब करून घरी जातो. आपली खोली डोंबिवलीला मित्राकडे असेल तर कॅबच्या भाड्यात भुसावळचं परतीचं तिकीट निघेल.

म्हणून संध्याकाळीच ठरवा, रात्र करायची की नाही. करायची नसेल तर अकराला उठा. लोक 'अरे थांब ना' म्हणतील, म्हणू द्या. मुलींच्या डब्यात रात्री पोलीस असतात, त्याच डब्यात बसा. करायची असेल तर राहायची जागा पार्टीपासून जवळ घ्या, किंवा तीन-चार जण मिळून कॅब करा, आणि कोण कुठे उतरणार ते निघण्याआधीच बोला. मरीन ड्राइव्हवर सायकलवरचे चहावाले भेटतात, भुर्जी-पावच्या गाड्याही कुठे कुठे चालू असतात. पण पहाटे तीनला एकट्याने तिथे बसून राहण्यात रोमँटिक काही नाही.

आणि डेटिंग अॅप. नव्या शहरात मोबाइल उघडला की पन्नास मीटरवर कुणीतरी 'हाय' म्हणतं. गावात जिथे सर्वात जवळचं प्रोफाइल जळगावला दिसतं, तिथून आलेल्याचं डोकं फिरणारच. याच अॅपवरून बोलावून लुटण्याचे आणि 'घरी सांगू' म्हणून पैसे उकळण्याचे प्रकार शहरांत होतात. पहिली भेट गर्दीच्या जागी, चहावर. अनोळखी खोलीवर रात्री दोनला नाही. कुणी धमकावलंच तर ११२ आहे. तुम्ही कोण आहात हा आता गुन्हा नाही, पैसे उकळणं मात्र गुन्हा आहे.

खोलीची एक गंमत. मुलगा-मुलगी लॉजवर गेले तर मॅनेजर चष्म्यावरून पाहतो. दोन मुलं किंवा दोन मुली गेल्या तर तो किल्ली फेकतो आणि टीव्हीकडे वळतो. इतकी वर्षं न दिसण्याचा एवढा एक फायदा! ट्रान्स मित्रमैत्रिणींचं तसं नाही. आधारवरचं नाव-फोटो आणि समोरचा माणूस जुळत नाही, मग काउंटरवर प्रश्नांची फैर झडते. ट्रान्सजेंडर असल्यामुळे सार्वजनिक सेवा किंवा राहण्याची सोय नाकारता येत नाही, असं २०१९ चा कायदा सांगतो. पण रात्री अकराला कायदा वाचून दाखवण्यापेक्षा आधी फोन करून ठरवलेलं बरं. महोत्सवाच्या स्वयंसेवकांना विचारा, कुठे त्रास होत नाही हे त्यांना ठाऊक असतं.

फोटो काढू?

माझ्या मते या सगळ्यात सर्वात महागडी गोष्ट कॉकटेल नसून फोटो आहे. थिएटरबाहेर कॅमेरे असतात, चॅनेलवाले असतात, आणि नव्या ओळखीचा मित्र प्रेमाने सेल्फी काढून टॅग करतो. मुंबईच्या मुलाला त्यावर दोनशे लाइक मिळतात. आपल्या पोराला मोठ्या काकांचा फोन येतो. आपल्याकडे शहराएवढी गर्दी नाही की फोटो बुडून जाईल. एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर अख्खी गल्ली असते आणि लग्न जुळवणारे काका त्याच ग्रुपचे अॅडमिन.

तेव्हा, तुम्हाला दिसायचं असेल तर बिनधास्त दिसा. नसेल तर पहिल्याच दिवशी स्वयंसेवकांना आणि मित्रांना स्पष्ट सांगा, 'माझा फोटो नको.' यात भित्रेपणा नाही. गळ्यातला पास गाडीत चढण्याआधी बॅगेत टाका. आणि कुणाला तरी एकाला, बहीण असो की रूममेट, आपण खरंच कुठे आहोत ते सांगून निघा. साखरपुड्याची थाप मारून निघालात आणि रात्री काही झालं, तर तुम्हाला शोधणार कुठे?

ते आपल्याकडे आले तर

महोत्सवात ओळखी झाल्या की कुणीतरी म्हणतंच, 'तुझ्या गावाला येतो रे.' येऊ द्या. दिवाळीनंतर बोलवा. बामणोदची वांगी बाजारात आलेली असतात, थंडी पडलेली असते. जळगावच्या केळीला आणि भरीताच्या वांग्याला २०१६ मध्ये जीआय मिळालं हे सांगून थोडा भाव खा. मग शेतात भरीत पार्टी. कापसाच्या काड्यांवर भाजलेलं वांगं, लाकडी बडजीत ठेचलेलं, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, सोबत कळण्याची भाकरी. रात्री बारापर्यंत शेकोटी, गाणी, टिंगल. हे नाइटलाइफ नाही तर काय? कव्हर चार्ज नाही, फक्त वांगी निवडायला लवकर उठावं लागतं. दुसऱ्या रात्री हायवेच्या ढाब्यावर शेवभाजी, आणि गाडी असेल तर बऱ्हाणपूरला मावा जिलेबी.

'तुमच्याकडे असे लोक असतात का?' असं पाहुण्याने विचारलं तर उत्तर तयार ठेवा. जळगाव तालुक्यातल्या भादली बुद्रुकमध्ये अंजली पाटील यांचा महिला राखीव जागेवरचा अर्ज फेटाळला गेला, त्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या, जानेवारी २०२१ मध्ये जिंकून ग्रामपंचायतीत बसल्या. आणि आपल्याच रावेर मतदारसंघात २०२४ च्या विधानसभेला वंचित बहुजन आघाडीने शमिभा पाटील या तृतीयपंथी कार्यकर्तीची उमेदवारी जाहीर केली.

अडचण इतकीच की भरीत पार्टीत जेवता जेवता 'मग, यंदा बार उडवायचा का?' हा प्रश्न ठरलेला. मुंबईच्या पाहुण्याला आधीच सांगून ठेवा, की त्या वेळी तुमच्याकडे बघून हसायचं नाही. आणि मिरची जपून. त्यांना वाटतं ते कोल्हापूरलाच तिखट असतं.