सहा माणसांच्या घराला बाथरूम किती? आधी संडास वेगळा करा

कळंबा (ता. करवीर) : गावाला शहर येऊन भिडलं, तशी घरं बांधायची पद्धतही बदलली. पूर्वी मागच्या दाराला न्हाणी, शेजारी बंब, आणि संडास परड्यात एका कडेला. आता प्लॅन काढतानाच विचारणा होते, "अटॅच किती घ्यायचे?" चार खोल्यांना तीन बाथरूम घेणारेही आहेत. त्यातल्या एकात पुढं कांद्याची पोती नि जुनी भांडी जाऊन बसतात, ती गोष्ट वेगळी.

गरज मोजायची ती खोल्यांवर नव्हे, सकाळच्या घाईवर. सहा माणसांचं घर धरा. कुणाला डेअरीला दूध घालायचंय, कुणाची एमआयडीसीत पहिली पाळी, पोरांची शाळा. माणशी अंघोळीला पंधरा मिनिटं, संडासला दहा, असे सहा जणांचे अडीच तास झाले. दोन्ही एकाच खोलीत असेल तर सहा ते आठ या वेळेत हे बसतच नाही. वेगळं असेल तर अंघोळी दीड तासात आणि संडास तासाभरात, तेही एकाच वेळी. बाहेर दार वाजवत कुणी उभं राहत नाही.

जागाही फार लागत नाही. राष्ट्रीय बांधकाम संहितेत एकत्र संडास-बाथरूमला किमान २.८ चौरस मीटर सांगितलंय. वेगळं केलं तर न्हाणीला १.८ आणि संडासला १.१, म्हणजे २.९. फरक जेमतेम एका चौरस फुटाचा. वाढतं ते एक भिंत आणि एक दार.

दुसरा संडास घ्यायचाच तर माडीवर पाहुण्यांसाठी नको, खाली म्हाताऱ्या माणसांसाठी घ्या. गुडघे धरले की उकिडवं बसणं होत नाही, म्हणून कमोड हवा. शेजारी भिंतीत पक्की दांडी, फरशी खरबरीत, आणि दार बाहेर उघडणारं. आत माणूस पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं. जिन्याखाली संडास काढायची गवंड्यांना भारी हौस, पण तिथं डोकं आपटतं.

खरा खर्च फरशीखाली असतो. स्वच्छ भारतचे १२ हजार रुपये शौचालय नसलेल्या पात्र कुटुंबाला मिळतात, दुसऱ्या संडासाला नाही. जिथं जमीन पाणी जिरवते तिथं दोन शोषखड्डे उत्तम. एक भरला की दुसरा चालू करायचा, पहिल्यातल्या मैल्याचं दीड-दोन वर्षांत खत होतं. दोन्ही खड्ड्यांत किमान एक मीटर अंतर ठेवा आणि विहीर-बोअरपासून लांब घ्या. सेप्टिक टँक असेल तर दोन-तीन वर्षांनी उपसावा लागतो. त्याचं झाकण फरशीखाली गाडलं आणि गाडीचा पाइप पोचत नसला, तर पुढं अंगण फोडायची वेळ येते.

टँकचं पाणी थेट गटारीत सोडू नये. आपल्याकडं उताराचं पाणी कळंबा तलावाकडं जातं, आणि या तलावानं कोल्हापूर शहराला पाणी पाजलंय.