पक्ष्यांची सुस्पष्ट छायाचित्रे

नव्या रायपूरमधील सेंध जलाशयावर हिवाळ्यात पाणपक्षी उतरतात. महागडी लेन्स घेऊन तेथे गेलेल्या हौशी छायाचित्रकाराची छायाचित्रे मात्र पुष्कळदा धूसर निघतात. दोष बहुधा लेन्सचा नसून शटरच्या वेगाचा असतो.

४०० मिलिमीटरची लेन्स हातात धरली असता वेग किमान १/४०० सेकंद असावा. उडत्या पक्ष्यासाठी तो १/२००० पर्यंत न्यावा. त्याकरिता आयएसओ वाढवावा लागला तरी हरकत नाही. छायाचित्रातील दाणेदारपणा पुढे कमी करता येतो, हललेले चित्र सावरता येत नाही. फोकस पक्ष्याच्या डोळ्यावर ठेवावा. दुपारी तापलेल्या हवेच्या लहरींमुळे दूरचे दृश्य अस्पष्ट होते; म्हणून सकाळची वेळ उत्तम.

अधिक जवळ जाण्याचा मोह मात्र आवरावा. टिटवी उन्हाळ्यात उघड्या जमिनीवर अंडी घालते. आपण तेथे रेंगाळलो तर ती अंड्यांवर परतत नाही आणि उन्हाने अंडी निकामी होऊ शकतात. ती आक्रोश करू लागताच मागे फिरावे. एक छायाचित्र हुकेल, पण एक पिढी वाचेल. या छंदात संयम हेच खरे भांडवल होय.