शेजाऱ्याची चूल

खेड्यातला एखादा गडी घ्या. हंगाम संपला की तो नागपूरला कामाला येतो. एक खोली घेतो. घरी असताना तो कधी चुलीपुढे बसलेला नाही. मग दोन्ही वेळा खानावळीत जेवतो. महिना संपल्यावर हिशेब करतो, तर मजुरीतला मोठा वाटा जेवणातच गेलेला असतो. घरी पाठवायला उरते काय?

आता दुसरे घर पाहा. घरची बाई तापाने अंथरुणाला खिळली आहे. डब्यात ज्वारीचे पीठ आहे, डाळ आहे, टोपलीत कांदे आहेत. पण रांधायला कोणी नाही. धान्य घरात आणि पोरे उपाशी!

म्हणून आम्ही म्हणतो, जो जेवतो त्याला रांधता आले पाहिजे. मग तो बाप असो की बाई, मुलगा असो की मुलगी.

तुम्ही म्हणाल, "हे आपल्याले कसं जमन बाप्पा?" जमेल. आणि शिकायला लांब जायला नको. शेजाऱ्याची चूल हीच पहिली शाळा.

नागपूर तर अशा शाळांचे गावच आहे. 1867 साली इथे रेल्वे आली. 1877 साली एम्प्रेस मिल सुरू झाली. कामासाठी चारी दिशांनी माणसे आली. 1956 सालापर्यंत नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती. त्यामुळे हिंदी बोलणारे पुष्कळ आले. छत्तीसगडचे मजूर आले, तेलुगू-तामिळ घरे आली. 1947 साली देशाची फाळणी झाली, तेव्हा सिंधी लोक घरदार सोडून आले आणि जरीपटक्यात वसले. प्रत्येकाने बरोबर आपली चूल आणली.

एका शब्दाची गंमत पाहा. आपण सांबार म्हणतो ते कोथिंबिरीला. सांबारवडी म्हणजे कोथिंबिरीचे सारण भरलेली वडी. पण तामिळ शेजारणीकडे "थोडा सांबार द्या" म्हटले, तर ती वाटीभर आंबट वरण आणून देईल! नाव एक, पदार्थ दोन.

उलट पुष्कळदा नावे वेगळी असतात आणि रीत एकच असते. ती रीत ओळखणे हाच खरा धडा.

आपले धिरडे घ्या. बेसनात किंवा ज्वारीच्या पिठात पाणी, मीठ, तिखट घालायचे. पीठ पळीतून सहज ओघळेल इतके पातळ करायचे. तवा तापला की थोडे तेल लावून पसरायचे. छत्तीसगडची बाई हेच तांदळाच्या पिठाचे करते आणि त्याला चीला म्हणते. तेलुगू बाई तांदूळ आणि उडदाची डाळ भिजवून वाटते, रात्रभर आंबवते आणि तव्यावर डोसा घालते. तसलेच आंबवलेले पीठ जरा घट्ट ठेवून वाफवले की इडली झाली. इडलीला तीन वाट्या तांदळाला एक वाटी उडीद डाळ पुरते.

पीठ आंबते म्हणजे काय होते? डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव त्यात वाढतात. ते आंबटपणा आणतात आणि हवेचे बुडबुडे करतात. म्हणून पीठ फुगते आणि इडली हलकी होते. ऊब असली की हे जीव झपाट्याने वाढतात. नागपूरच्या मे महिन्यात पीठ काही तासांतच आंबते. डिसेंबरात तेच भांडे चुलीच्या उबेला ठेवावे लागते. आपली आंबीलही याच रीतीची. म्हणजे डोसा आपल्याला परका नाहीच.

आता सिंधी कढी पाहा. आपल्या कढीला ताक लागते. घरात ताक नसले तर? सिंधी बाई अडत नाही. ती तेलात जिरे-मेथीची फोडणी करते. त्यात तीन चमचे बेसन घालून मंद आचेवर खमंग भाजते. मग चार वाट्या गरम पाणी थोडे थोडे ओतते आणि हलवत राहते, म्हणजे गुठळी होत नाही. हळद, तिखट, मीठ घालते. आलू, शेवग्याच्या शेंगा, भेंडी घालून शिजवते. चिंचेचा कोळ मात्र अगदी शेवटी. का? आंबट आधी पडले की भाजी लवकर शिजत नाही. वरणालाही हाच नियम आहे. डाळ शिजल्यावरच चिंच घाला. सरपण वाचेल, गॅसही वाचेल.

कोणी म्हणेल, "आपलं ते आपलं. दुसऱ्याचं कायले शिकायचं?" पण आपल्या ठेच्यातली मिरची तरी आपली कुठे आहे? ती मूळची अमेरिकेतली. सुमारे 500 वर्षांपूर्वी पोर्तुगीज दर्यावर्दी इकडे येऊ लागले, त्यांनी ती आणली. आलू, टमाटर, भुईमूग हेही त्या मुलखातलेच. आपल्या आजी-पणजीने ते घेतले आणि आपलेसे केले. आपणही तेच करायचे.

हाताला आलेली चव कधी पोटही भरते. नागपूरचे हलबा-कोष्टी लोक पिढ्यानपिढ्या लुगडी विणत. पुढे मागाचा धंदा बसत गेला. एम्प्रेस मिलही 2002 साली बंद झाली. त्यांच्या घरात भाजून वाटलेल्या मसाल्याचा झणझणीत रस्सा होत असे. कित्येकांनी तोच रस्सा विकायला सुरुवात केली, भोजनालये काढली. आज सावजी हे नाव दूरवर माहीत आहे. माग थांबला, पण चूल कामाला आली.

शिकताना प्रकृतीकडेही लक्ष असू द्या. नुसत्या भातापेक्षा भात आणि डाळ मिळून अंगाला जास्त बळ देतात. इडलीत, खिचडीत, वरण-भातात हीच जोडी आहे. पालेभाजीत लोह असते. लोह कमी पडले की रक्त कमी होते. भाजीवर लिंबू पिळले की ते लोह अंगी जास्त लागते. जेवणाबरोबर चहा घेतला तर ते कमी लागते. म्हणून चहा जेवणानंतर तास-दीड तासाने घ्यावा.

आता तुम्हाला लिहिता येते. एक वही करा. शेजारी जा, पण रिकाम्या हाताने जाऊ नका. आपली पातोडी वाटीभर न्या आणि त्यांची एक रीत विचारून या. काय घेतले, किती वाट्या घेतले, आधी काय घातले, मग काय घातले, हे त्याच दिवशी लिहा. घरी करून पाहा. बिघडले तर काय चुकले तेही लिहा. पहिला चीला तव्याला चिकटेलच. दुसरा कमी चिकटेल.

घरोघरी मातीच्या चुली, असे आपण म्हणतो. आज कोणाची मातीची, कोणाची गॅसची. पण आच सगळीकडे सारखीच. तिच्यापुढे घरातल्या प्रत्येकाने बसून पाहावे. मग घरात धान्य असताना कोणी उपाशी निजणार नाही.