दांताच्या रंगाचें भरण : डाग आणि झीज

दाढेंत भरलेली ‘चांदी’ ज्यांनीं लहानपणीं वडीलधाऱ्यांच्या तोंडांत पाहिली असेल, त्यांना तो करडा-काळा ठिपका सहसा विसरतां येणार नाहीं. चांदी हें तिचें लौकिक नांव. वस्तुतः तींत जवळजवळ निम्मा भाग पारा असतो. दिसावयास ती कुरूप, पण चावण्याच्या कामीं मोठी चिवट. युरोपीय संघानें वैद्यकीय निकडीचे अपवाद वगळून १ जानेवारी २०२५ पासून तिचा वापर बंद केला, आणि त्याचें मुख्य कारण सांडपाण्यांतून व हवेंतून पसरणारा पारा हें होतें. आपल्याकडील शहरांतही आतां दंतवैद्य बहुधा दांताच्याच रंगाचें भरण सुचवितात. त्यावर गृहस्थाची शंका अगदीं साधी असते. हें पांढरें भरण पांढरेंच राहील काय? आणि भाकरी, चणे, सुपारी यांचा मार तें सोसील काय?

या शंकेला एकच उत्तर देतां येत नाहीं, कारण ‘पांढरें भरण’ हा कांहीं एक पदार्थ नव्हे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत पुढच्या दांतांत जें भरीत, तें सिलिकेट सिमेंट होय. विशिष्ट कांचेची पूड फॉस्फॉरिक अ‍ॅसिडांत कालवून तें करीत. आरंभीं तें दांताशीं बेमालूम मिळून जाई. परंतु तोंडांतील आम्लांनीं थोडेंथोडें विरघळून थोड्याच वर्षांत खडबडीत व मळकट होई. त्याचा एक गुण मात्र नोंदण्याजोगा होता. कांचेंतील फ्लोराइड हळूहळू पाझरत राहिल्यामुळें त्याच्या कडेला नवी कीड क्वचितच लागे. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास जर्मनींत तोंडांतच घट्ट होणाऱ्या अ‍ॅक्रिलिक राळेचा प्रयोग सुरू झाला. ही राळ घट्ट होतांना आक्रसे आणि उष्णतेनें दांतापेक्षां कितीतरी अधिक फुगे. ऊन चहा आणि मागाहून गार पाणी असें झालें, कीं भरण व दांत यांमधील फट आळीपाळीनें मिटे व उघडे, आणि तींतून लाळ आंत शोषली जाई. कांहीं दिवसांनीं भरणाभोंवतीं तपकिरी रेघ उमटे.

म्हणजे खरी अडचण रंगाची नसून चिकटण्याची होती. ती सोडविली मायकेल बुओनोकोर या अमेरिकन दंतशास्त्रज्ञानें. कारखान्यांत धातूच्या पृष्ठभागावर रंग नीट बसावा म्हणून आधीं फॉस्फॉरिक अ‍ॅसिड लावीत असत. तीच युक्ति त्यानें दांताच्या कवचावर, म्हणजे इनॅमलवर, योजिली आणि १९५५ सालीं प्रसिद्ध केली. अ‍ॅसिडानें कवचांत अतिसूक्ष्म छिद्रें पडतात. पातळ राळ त्यांत शिरून घट्ट झाली, कीं ती मुळ्या रोवल्याप्रमाणें पकडून बसते. पुढें राफेल बोवेन यानें १९६२ सालीं एका नव्या राळेचें पेटंट मिळविलें. तींत क्वार्ट्‌झसारख्या कठीण खनिजाची पूड घालीत, आणि पुडीच्या प्रत्येक कणावर असें एक लेपन करीत, कीं कण व राळ यांचा रासायनिक सांधा जुळावा. आज दंतवैद्य ज्याला काँपोझिट म्हणतात, तें याच राळेच्या वंशांतलें आहे.

काँपोझिटची रचना डांबरी रस्त्यासारखी समजावी. राळ हें डांबर, आणि खनिजाची पूड ही खडी. रस्ता झिजतो कसा, हें पावसाळ्यानंतर कोणींही पाहावें. प्रथम मऊ डांबर झिजतें, खडी उघडी पडून टोंचूं लागते, मग एकेक खडा निखळून खळगा पडतो. पहिल्या पिढीच्या काँपोझिटचें हेंच झालें. त्यांतील खडीचे कण कित्येक मायक्रॉन, कधीं कधीं तर पन्नास मायक्रॉनही असत. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. दाढेचें नैसर्गिक कवचही झिजतें, पण वर्षाला सुमारें ३० मायक्रॉन. हीं जुनीं भरणें वर्षाला शंभर मायक्रॉनपेक्षांही अधिक झिजत, आणि त्यांच्या खळग्यांत चहाचा रंग व अन्नाचा मळ आयताच वस्तीला येई. झीज आणि डाग हीं दोन निराळीं दुखणीं नव्हत, हें येथें ध्यानांत येईल. पहिलें दुसऱ्याला दार उघडून देतें.

नंतरच्या संशोधनाचा रोख म्हणूनच खडी बारीक करण्याकडे राहिला. कण एका मायक्रॉनच्या आंत आले, आणि चालू शतकांत तर मायक्रॉनच्या शतांशाजवळ पोंचले. कण इतका लहान असला, कीं तो निखळला तरी खळगा जाणवत नाहीं आणि चकाकी टिकते. ब्राझीलमध्यें दाढांतील दोन प्रकारच्या काँपोझिटवर बावीस वर्षें लक्ष ठेवून त्याचे निष्कर्ष २०११ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांत निकामी होणाऱ्या भरणांचें प्रमाण दरसाल शेंकडा १.५ व २.२ इतकेंच आढळलें. ‘पांढरें भरण म्हणजे चार दिवसांची शोभा’ हा जुना समज आतां सोडून द्यावयास हरकत नाहीं. आजचें भरण निकामी होतें, तें बहुधा झिजून नव्हे, तर तुकडा उडून किंवा कडेला नवी कीड लागून. झोपेंत दांत खाणाऱ्यांची गोष्ट अर्थात् वेगळी. त्यांच्यापुढें स्वतःच्या दांतांचाही टिकाव लागत नाहीं.

आतां डागांविषयीं. कांहीं डाग केवळ पृष्ठभागावरील असतात. चहा, कॉफी, पान-तंबाखू यांचा थर नुसता वर बसतो आणि दंतवैद्यानें चकाकी दिली, कीं निघून जातो. कांहीं रंग मात्र राळेच्या आंत जातात, कारण राळ किंचित् पाणी शोषते आणि पाण्याबरोबर रंगही ओढते. यांत आपल्या स्वयंपाकघरांतील हळद फार वरच्या क्रमांकाची आहे. हळदींतील रंगद्रव्य पाण्यांत जेमतेम विरघळतें, तेलांत सुखानें विरघळतें. आणि राळेचा स्वभाव पाण्यापेक्षां तेलाच्या जवळचा. फोडणींतली हळद भरणावर इतकी कां चढते, हें यावरून उमगेल. धोतरावरचा हळदीचा डाग उन्हांत वाळविला असतां फिका पडतो. पण तोंडांत ऊन कोठून आणावें? शिवाय राळ घट्ट होण्यास साहाय्य करणारीं कांहीं द्रव्यें कालांतरानें स्वतःच पिवळीं पडतात. त्याला ना चहा कारण, ना हळद.

येथें दंतवैद्याच्या हाताचें महत्त्व पुष्कळ आहे. भरण घट्ट होतें निळ्या प्रकाशानें. राळेंत कापराच्या कुळांतील एक पिवळट द्रव्य असतें, तें हा प्रकाश टिपून क्रियेला चालना देतें. प्रकाश साधारण दोन मिलिमीटरपर्यंतच पुरेसा पोंचतो, म्हणून खोल खळगा थरावर थर देऊन भरावा लागतो. घाईनें एकदम भरलें, तर खालची राळ अर्धवट कच्ची राहते, आणि कच्ची राळ रंगही अधिक पिते व झिजतेही लवकर. सर्वांत वरचा पातळ थर हवेंतील प्राणवायूमुळें कधींच पुरता घट्ट होत नाहीं. तो घांसून काढून चकाकी देणें हें शोभेचें काम नसून भरणाचाच भाग आहे. खुर्चींतून उठण्याची घाई करणाऱ्या रोग्यांनीं हें ध्यानीं धरलेलें बरें. घट्ट होण्याची क्रिया पुढें सुमारें एक दिवस चालूच राहते. तेवढ्या अवधींत हळदीचें कालवण आणि कडक चहा टाळावा.

परंतु ज्या डागापायीं दांताचें खरें नुकसान होतें, तो डाग भरणाच्या कडेवरचा. राळ घट्ट होतांना आजही शेंकडा दोन-तीन आक्रसते. सांधा कोठें किंचित् सुटला, कीं तेथें तपकिरी रेघ येते. ती पाहून घरचीं माणसें कीड म्हणून घाबरतात आणि सारें भरण काढून नवें भरण्याचा आग्रह धरतात. हें भय अर्धेंच खरें आहे. रेघ म्हणजे कीड नव्हे. प्रत्येक वेळीं जुनें भरण कोरून काढतांना त्याबरोबर निरोगी दांताचाही थोडा भाग जातो. खळगा वाढतो, भिंती पातळ होतात, आणि तीन-चार वेळां असें झालें, कीं दाढेवर टोपी बसविण्याची वा दाढच काढण्याची पाळी येते. नुसती रेघ असेल, तर चकाकी देऊन किंवा तेवढीच कड कोरून नवी राळ लावून काम भागतें. जुन्या काँपोझिटला नवें जोडतां येतें, हा त्याचा चांदीच्या मानानें मोठाच गुण. मात्र रेघेपाशीं जिभेला खांच लागत असेल, अन्न अडकत असेल, दांतांतून फिरविलेला दोरा तेथें फाटत असेल किंवा गोड खातां ठणका उठत असेल, तर दिरंगाई करूं नये. तेथें आंत कीड असण्याचा संभव फार.

हिरडीलगतच्या खळग्यांसाठीं व लहान मुलांच्या दांतांसाठीं ग्लास आयोनोमर नांवाचें सिमेंट वापरतात. लंडनच्या सरकारी रसायनशाळेंतील अ‍ॅलन विल्सन व ब्रायन केंट यांनीं तें १९७२ सालीं जगापुढें मांडलें. तें दांतांतील कॅल्शियमशीं आपण होऊन चिकटतें आणि जुन्या सिलिकेटप्रमाणें फ्लोराइडही पाझरवितें. चावण्याच्या जागीं मात्र तें लवकर झिजतें, आणि त्याची झांक कांहींशी निर्जीव दिसते. वीज नसलेल्या गांवीं नुसत्या हातहत्यारांनीं कीड काढून हेंच सिमेंट भरण्याची पद्धत टांझानियांत १९८० च्या दशकांत निघाली.

घरच्या संवयींपैकीं मिश्री आणि कोळशाची वा विटकरीची पूड यांच्याइतका वैरी भरणाला दुसरा नाहीं. मिश्री रंगविते आणि खरवडतेही. शिवाय ती जळका तंबाखूच असल्यानें तिचे तोंडावरील दुष्परिणाम डागांहून पुष्कळ भयंकर आहेत. क्लोरहेक्सिडीन असलेल्या गुळण्यांच्या औषधानेंही तपकिरी थर चढतो. तें सांगितलेल्या दिवसांपुरतेंच घ्यावें. दांत शुभ्र करण्याचीं जीं औषधें निघालीं आहेत, त्यांनीं दांत उजळतो, भरण उजळत नाहीं. मग जें भरण काल शोभत होतें, तेंच आज पिवळें वाटूं लागतें. म्हणून ज्यांना दांत उजळून घ्यावयाचे असतील, त्यांनीं तें आधीं करावें, आणि पुढच्या दांतांतील भरण त्यानंतर सुमारें दोन आठवड्यांनीं नव्या रंगाशीं जुळवून बसवून घ्यावें. त्या औषधांतून कवचांत राहिलेला प्राणवायु निघून जाईपर्यंत राळ दांताला नीट धरीत नाहीं.