सीमारेषा आणि वाचन : बूटलोडरमधील स्मृतिसंरेखनाचे दोष

संहितेतील पदे कोठे तोडावयाची, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाला नवा नाही. ऋग्वेदाच्या संहितापाठाशेजारी शाकल्याचा पदपाठ उभा आहे. मोडी दस्तऐवज वाचणाऱ्याला एका सलग शिरोरेषेखालील शब्द स्वतःच वेगळे करावे लागतात. दोन्ही ठिकाणी अक्षरे तीच राहतात, परंतु ती कोठे तोडली यावर अर्थ ठरतो. संगणकाच्या स्मृतीतही सीमेचा असाच एक प्रश्न आहे. व्यवसायात त्यास 'अलाइनमेंट' म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यासाठी 'संरेखन' हा शब्द योजला आहे. संरेखनाचे दोष कसे उद्भवतात, ते कसे शोधले जातात आणि त्यांची दुरुस्ती कोठे करावयाची, याचे विवेचन येथे करावयाचे आहे. या दोषांत संहिता बहुधा निर्दोष असते; चुकीचे असते ते वाचकाने तिच्या सीमेविषयी धरलेले गृहीत. हा या लेखाचा मुख्य मुद्दा होय.

१. स्मृती आणि तिच्या सीमा

संगणकाची स्मृती म्हणजे बाइटांची एक लांब रांग. प्रत्येक बाइटाला क्रमांक असतो; त्यालाच पत्ता म्हणतात. प्रोसेसर एकेक बाइट वाचू शकतो, परंतु सोयीसाठी तो चार बाइट एकदम उचलतो आणि त्यांची एक संख्या करतो. अशा वेळी पहिल्या बाइटाचा पत्ता चाराने भागला जावा, ही अपेक्षा असते. ती पूर्ण झाली तर वाचन संरेखित, नाही तर असंरेखित.

'मराठी' या शब्दाचे उदाहरण घेऊ. युनिकोडमध्ये त्याची पाच चिन्हे होतात : म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. म्हणजे हा शब्द १५ बाइटांचा झाला. चार-चार बाइटांचे गट पाडले तर पहिल्या गटात सबंध 'म' आणि 'र'चा एकतृतीयांश भाग येईल. आपले अक्षर, युनिकोडचे चिन्ह आणि प्रोसेसरचा चार बाइटांचा शब्द यांच्या सीमा एकमेकींशी जुळत नाहीत. तरीही येथे दोष घडत नाही, कारण मजकूर बाइटागणिक वाचला जातो. कोणी त्याच ओळीतील चार बाइट एकदम संख्या म्हणून उचलू पाहील, तेव्हाच सीमेचा प्रश्न उभा राहतो.

२. बूटलोडरची विशेष स्थिती

यंत्र सुरू होताच मुख्य कार्यप्रणालीच्या आधी चालणाऱ्या लहान प्रोग्रॅमला बूटलोडर म्हणतात. राउटर, औद्योगिक नियंत्रक, मोजमापाची उपकरणे अशा अंतःस्थापित यंत्रांत 'यू-बूट' हा बूटलोडर बराच रूढ आहे. जर्मनीतील वुल्फगांग डेंक यांच्या 'पीपीसीबूट' या प्रकल्पातून तो वाढला आणि २००२ साली त्याला हे नाव मिळाले. जर्मन भाषेत पाणबुडीला हाच शब्द आहे.

बूटलोडरच्या खाली दुसरा आधार नसतो. कार्यप्रणाली चालू असताना एखादा प्रोग्रॅम कोसळला तर ती त्याला आवरते. बूटलोडर कोसळला तर यंत्र सुरूच होत नाही. शिवाय आर्म जातीच्या नव्या प्रोसेसरांत एक पेच आहे. एमएमयू नावाचा स्मृतिव्यवस्थापक घटक सुरू होऊन स्मृतीचा प्रकार सामान्य म्हणून घोषित झाल्यावर बहुतेक असंरेखित वाचने चालतात. तो बंद असेपर्यंत मात्र सगळी स्मृती उपकरणाच्या रजिस्टरांसारखी कडक मानली जाते. साहजिकच जो कोड कार्यप्रणालीत बिनतक्रार चालतो, तोच बूटलोडरच्या आरंभीच्या टप्प्यात कोसळू शकतो.

३. मूक चूक आणि बोलकी चूक

असंरेखित वाचनाला वेगवेगळे प्रोसेसर वेगवेगळा प्रतिसाद देतात. मेजावरील संगणकांत रूढ असलेले इंटेल पद्धतीचे प्रोसेसर बहुधा ते निमूटपणे पार पाडतात. सहाव्या आवृत्तीपूर्वीचे आर्म प्रोसेसर, तपासणी बंद असल्यास, चमत्कारिक वागत. समजा, शून्य पत्त्यापासून ११, २२, ३३, ४४, ५५ असे बाइट आहेत आणि आपण पत्ता १ पासून चार बाइट मागितले. कनिष्ठ बाइट आधी ठेवण्याच्या पद्धतीत उत्तर ५५४४३३२२ यावयास हवे. जुना प्रोसेसर मात्र शून्यापासूनचा संरेखित शब्द उचलून तो फिरवतो आणि ११४४३३२२ हे उत्तर हाती ठेवतो. तीन बाइट बरोबर, एक चूक, आणि कसलीही सूचना नाही.

तपासणी चालू असेल तर हेच वाचन 'डेटा अॅबॉर्ट' होऊन थांबते. वरवर पाहता दुसरा प्रकार अधिक गंभीर वाटतो, कारण यंत्र बंद पडते. वस्तुतः पहिला अधिक घातक आहे. थांबलेला वाचक आपण कोठे अडखळलो हे सांगतो. चुकीचे वाचून पुढे गेलेल्या वाचकाची चूक भलत्याच ठिकाणी आणि उशिरा प्रकटते.

४. एक नमुना : चौदा बाइटांचे शीर्षक

बूटलोडर पुष्कळदा जाळ्यावरून कार्यप्रणाली मागवतो. इथरनेटच्या प्रत्येक पुडक्याच्या आरंभी १४ बाइटांचे शीर्षक असते : सहा बाइट घेणाऱ्याचा पत्ता, सहा पाठवणाऱ्याचा आणि दोन प्रकाराचे. त्यानंतर आयपी शीर्षक सुरू होते. पुडके चाराने भागल्या जाणाऱ्या पत्त्यावर ठेवले, की आयपी शीर्षक १४ पासून सुरू होते आणि त्यातील पाठवणाऱ्याचा चार बाइटांचा पत्ता २६ वर पडतो. १४ आणि २६ यांना चाराने भागता दोन उरतात. म्हणजे मांडणी प्रमाणानुसार आहे, ठेवण नेटकी आहे, तरीही वाचन असंरेखित आहे.

संपूर्ण पुडके दोन बाइट पुढे सरकवणे हा लिनक्समधील परिचित उपाय होय. परंतु जाळ्याचे हार्डवेअर स्मृतीत थेट लिहीत असते आणि त्याला पुष्कळदा ३२ किंवा ६४ बाइटांच्या सीमेवरचीच जागा हवी असते. एका वाचकाची सोय दुसऱ्या लेखकाची अडचण ठरते.

५. दोषाचा शोध

यू-बूट कोसळताना रजिस्टरांतील मूल्ये छापतो. त्यांपैकी प्रोग्रॅम काउंटर कोणत्या आज्ञेवर यंत्र अडले ते सांगतो. तथापि यू-बूट स्वतःला मूळ जागेवरून उचलून स्मृतीच्या वरच्या टोकाकडे नेतो. म्हणून छापलेला पत्ता आणि बांधणीच्या वेळी तयार झालेल्या नकाशातील पत्ता जुळत नाहीत. स्थलांतराचे अंतर वजा करावे लागते. एका आवृत्तीचा पृष्ठांक दुसरीत शोधण्यासारखेच हे काम आहे.

आज्ञा सापडली, की ती कोणता पत्ता वाचत होती हे पाहावे. तो चाराने, किंवा आठ बाइटांच्या वाचनात आठाने, भागला जात नसेल तर संशय दृढ होतो. येथे एक फसगत संभवते. भलतीकडे एखादी ओळ वाढवली तर सगळे पत्ते सरकतात आणि दोष नाहीसा झाल्यासारखा वाटतो. तो गेलेला नसतो. योगायोगाने सीमा जुळलेली असते.

६. दुरुस्तीचे मार्ग

पहिला मार्ग मांडणी बदलण्याचा, म्हणजे मध्ये रिकामे बाइट भरण्याचा. मांडणी आपली असेल तरच तो खुला आहे. इथरनेटचे शीर्षक किंवा यूएसबीची वर्णनपत्रे ही प्रमाणित संहिता आहे. तेथे संपादकाला प्रक्षेपाचा अधिकार नाही.

दुसरा मार्ग वाचनाची रीत बदलण्याचा. बाइट संरेखित जागी उतरवून घ्यावेत आणि मग त्यांची संख्या करावी. यू-बूटचा जाळेविषयक कोड आयपी पत्ते अशाच नकलेने वाचतो.

तिसरा मार्ग गृहीत उघड करण्याचा. सी भाषेच्या रचनेवर 'पॅक्ड' अशी खूण केली, की तिच्या संरेखनाचा भरवसा नाही हे कंपायलरला कळते. मात्र त्या रचनेतील एखाद्या घटकाचा पत्ता साध्या पॉइंटरमध्ये घालून दुसऱ्या फंक्शनला दिला, की ही माहिती वाटेत गळते. या गळतीविषयी जीसीसी कंपायलर २०१९ च्या नवव्या आवृत्तीपासून आपणहून इशारा देतो.

चौथा मार्ग तपासणी बंद करण्याचा. तो सोपा आहे, परंतु त्याने लक्षण झाकले जाते. २०१२ साली जीसीसी ४.७ ने आर्मच्या सहाव्या आवृत्तीपासूनच्या बहुतेक प्रोसेसरांसाठी असंरेखित वाचन मुळातच ग्राह्य धरले. प्रोग्रॅमरने तसे न लिहिताही कंपायलर अशी वाचने निर्माण करू लागला, आणि यू-बूट कोसळण्याचे प्रकार घडले. यू-बूटच्या विकासकांनी त्याच वर्षी आपले धोरण लिहून ठेवले : तपासणी चालूच ठेवावी, आणि असंरेखित वाचन खरोखर आवश्यक असेल तेथे ते कोडमध्ये स्पष्टपणे नोंदवावे.

७. समारोप

या धोरणात केवळ तांत्रिक सोय नाही. ज्या ओळीवर यंत्र अडले, ती क्वचितच दोषाचे मूळ असते. मूळ असते ते कोणीतरी एका पत्त्याविषयी न बोलता धरलेल्या समजुतीत. अडलेली ओळ बदलली तर तोच दोष दुसऱ्या ओळीवर उगवतो. समजूत उघड केली तर तो संपतो.

आज आपल्या संहिता यंत्राच्या स्मृतीत साठवल्या जातात आणि 'यंत्र वाचते' असे आपण सहज म्हणून जातो. त्या वाचनाला सीमा असतात, आणि त्या ओलांडल्या गेल्याची सूचना दर वेळी मिळतेच असे नाही. न अडखळता वाचलेले सगळेच बरोबर वाचले गेले, असे मानण्यातील धोका पाठचिकित्सेने आपल्याला फार पूर्वी शिकवला आहे. बूटलोडर लिहिणारे त्याच निष्कर्षाला दुसऱ्या वाटेने पोहोचले, हे तौलनिक अभ्यासकाने नोंदवून ठेवावे असे वाटते.